बाष्पीभवनाचा अंदाज दर वेळी चुकतोय? फॉर्म्युला राहू दे, आधी तापमान आणि आर्द्रतेचे कॉलम उघडा

तक्रार ठरलेली असते. उघडी टाकी किंवा तळं असतं, रोज ठरलेल्या वेळी पट्टी लावून पाणी किती मिमी उतरलं ते लिहिलं जातं, शेजारच्या हवामान यंत्रातून तापमान आणि आर्द्रता येत असते, शीटमध्ये फॉर्म्युला टाकलेला असतो आणि दोन्ही आकडे काही केल्या जुळत नाहीत. कोरड्या कडक उन्हाच्या दिवशी शीट म्हणते १२ मिमी आणि पट्टी दाखवते ७, गार रात्रीनंतर बरोबर उलटं, शीट म्हणते जवळपास काहीच नाही आणि पाणी मात्र ३ मिमी खाली. मग टाकी गळते इथपासून फॉर्म्युलाच भंगार आहे इथपर्यंत सगळं बोलून होतं, कोणीतरी एक गुणांक शोधून काढतं, तो दोन आठवडे चालतो आणि हवा बदलली की परत पहिले पाढे पंचावन्न.

मी यात बरेच महिने घालवलेत, तो गुणांक लावायचा उद्योगही करून झालाय, त्यामुळे ज्या क्रमाने तपासल्यावर माझं गाडं मार्गी लागलं त्याच क्रमाने लिहिते. फॉर्म्युला सहसा निर्दोष असतो. घोळ असतो तो तापमान आणि सापेक्ष आर्द्रता हे दोन आकडे आपण त्याला कसे भरवतो त्यात.

आधी मूळ गोष्ट, कारण ती डोक्यात नसेल तर पुढचं सगळं नुसतं बटणं दाबणं होईल. जॉन डाल्टनने १८०२ च्या सुमाराला मांडलेला हिशोब आजही तसाच आहे: पाणी किती वेगाने उडणार हे पाण्याच्या अगदी वरच्या थराशी असलेला बाष्पदाब (म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब) आणि वरच्या हवेतला बाष्पदाब यांच्यातल्या फरकावर ठरतं, वारा त्या फरकाला हातभार लावतो. आता नीट बघा, या वाक्यात हवेचं तापमान नाहीये, सापेक्ष आर्द्रताही नाहीये. या दोन्ही गोष्टी आपण मोजतो कारण त्या मोजायला सोप्या आहेत, पण पाण्याला त्यांचं काही देणंघेणं नाही, त्याला फक्त बाष्पदाब कळतो.

आणि सापेक्ष आर्द्रता हा तर नुसता भागाकार आहे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढा बाष्पदाब असू शकतो, त्याच्या किती टक्के सध्या आहे, एवढंच ती सांगते. तो जास्तीत जास्त, म्हणजे संपृक्त बाष्पदाब, तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, उडी मारत वाढतो. १० अंशाला १.२३ किलोपास्कल, २० ला २.३४, ३० ला ४.२४, ४० ला ७.३८. दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट समजा. त्यामुळे १० अंशाला ५० टक्के आर्द्रता असेल तर हवेतली तूट, म्हणजे संपृक्त बाष्पदाब वजा हवेतला खरा बाष्पदाब, ०.६१ किलोपास्कल आणि ३० अंशाला तीच ५० टक्के असेल तर तूट २.१२, म्हणजे साडेतीन पट. दोन्ही दिवशी आर्द्रतेच्या कॉलममध्ये ५० च लिहिलेलं असतं. जो कोणी नुसता आर्द्रतेचा कॉलम बघून आज हवा कालच्यासारखीच आहे असं ठरवतो, तो इथेच फसतो.

म्हणून पहिलं काम. कच्च्या तापमान-आर्द्रतेवरून थेट काहीही काढू नका, आधी बाष्पदाबाचा वेगळा कॉलम करा, आणि तोही प्रत्येक नोंदीसाठी, सरासरी काढायच्या आधी. संपृक्त बाष्पदाब किलोपास्कलमध्ये हवा असेल तर तापमानाला १७.२७ ने गुणा, त्याला तापमान अधिक २३७.३ ने भागा, जे येईल ते ई या संख्येच्या घाती चढवा (शीटमध्ये ईएक्सपी) आणि शेवटी ०.६१०८ ने गुणा. त्याला आर्द्रतेने गुणून शंभराने भागलं की हवेतला खरा बाष्पदाब. वरचे २० आणि ३० अंशांचे आकडे टाकून बघा, २.३४ आणि ४.२४ आलंच पाहिजे. २३.४ आलं तर तुमच्या फॉर्म्युल्यात ६.१०८ आहे, म्हणजे उत्तर हेक्टोपास्कलमध्ये (जुन्या पुस्तकांतलं मिलिबार तेच). भलतंच काहीतरी आलं तर बहुतेक दोन वेगळ्या फॉर्म्युल्यांची खिचडी झालीय, कारण काही ठिकाणी हाच फॉर्म्युला १० च्या घाताने लिहितात आणि तिथे १७.२७ च्या जागी ७.५ असतं. आणि हो, आर्द्रता ६० लिहिलीय की ०.६० हेही बघा. हसू येईल पण यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

आता सरासरीचा घोळ

हा सगळ्यात जास्त लोकांकडून होतो, कारण यात काही चुकतंय असं दिसतच नाही. हवामान यंत्र दिवसाची सरासरी आयती देतं, सरासरी तापमान २७.५, सरासरी आर्द्रता ६० टक्के, आपण तेच उचलतो. माझ्या शीटमधला एक दिवसच घेऊ. कमाल ३५, किमान २०, पहाटे आर्द्रता ८५ टक्के, दुपारी ३५. सरासरी अगदी २७.५ आणि ६० च. सरासरीवरून तूट काढली तर २७.५ ला संपृक्त बाष्पदाब ३.६७, त्याचे ४० टक्के, म्हणजे १.४७ किलोपास्कल. आता नीट करू. ३५ ला ५.६२ आणि २० ला २.३४, दोघांची सरासरी ३.९८. हवेतला खरा बाष्पदाब पहाटे २.३४ चे ८५ टक्के म्हणजे १.९९, दुपारी ५.६२ चे ३५ टक्के म्हणजे १.९७, सरासरी १.९८. तूट २.००. म्हणजे आयत्या सरासरीने तूट चक्क पाव हिश्शाहून जास्त कमी दाखवली, डेटा तोच, यंत्र तेच.

असं का होतं? तर संपृक्त बाष्पदाबाची रेघ वर वळत जाणारी आहे, त्यामुळे दुपारचे तापलेले तास जेवढं जास्तीचं देतात तेवढं पहाटेचे गार तास काढून घेत नाहीत, आणि सरासरी तापमान हे सगळं सपाट करून टाकतं. त्यात भर म्हणजे आर्द्रता आणि तापमान एकमेकांच्या उलट चालतात, एक वर तर दुसरं खाली, त्यामुळे दोघांच्या वेगवेगळ्या सरासऱ्या काढून गुणल्या की जी हवा त्या दिवशी कुठल्याच तासाला नव्हती ती हवा तयार होते. तासाच्या नोंदी असतील तर प्रत्येक तासाचा बाष्पदाब काढा आणि मग सरासरी. नसतील तर निदान कमाल-किमानाची जोडी वर केली तशी वापरा, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतही हीच पद्धत दिलीय. जोडी लावताना किमान तापमानाबरोबर कमाल आर्द्रता आणि कमाल तापमानाबरोबर किमान आर्द्रता, उलट केलं तर बोंबला.

त्याच उदाहरणात आणखी एक गंमत लक्षात आली का? पहाटे आर्द्रता ८५ आणि दुपारी ३५, म्हणजे हवा दिवसभरात कोरडीठाक पडली असं वाटतं, पण खरा बाष्पदाब १.९९ आणि १.९७, जवळपास जागचा हललाच नाही. हवेतली वाफ होती तेवढीच होती, फक्त हवा तापली. दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडायला लागतं ते) काढला तर दोन्ही वेळी १७ च्या जरा वर येतो. म्हणूनच मी आता शीटमध्ये दवबिंदूचा आलेख कायम उघडा ठेवते, यंत्र खोटं बोलायला लागलं की तिथे लगेच दिसतं. पाऊस नाही, वाऱ्याची दिशा बदललेली नाही, आणि तरी दवबिंदू दोन तासांत सहा-सात अंश वर किंवा खाली गेला असेल तर हवेवर शंका घ्यायच्या आधी सेन्सरवर घ्या.

सेन्सर उन्हात भाजतोय का

पण सेन्सरची एक खोड अशी आहे की ती दवबिंदूच्या आलेखातही पकडली जात नाही. यंत्राचं पांढरं थाळ्या-थाळ्यांचं कवच मळलेलं असेल, किंवा सिमेंटच्या भिंतीजवळ लावलं असेल, किंवा वाराच पडला असेल, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. समजा बाहेर खरे ३० अंश आणि ५० टक्के, आणि कवचात झाले ३३. वाफ तेवढीच, २.१२, त्यामुळे सेन्सर प्रामाणिकपणे ४२ टक्के दाखवतो. या दोन्हींवरून बाष्पदाब काढा, बरोबर २.१२ च येईल! दवबिंदूही बरोबर. चुकते ती तूट, कारण संपृक्त बाष्पदाब आता ३३ चा, ५.०३, घेतला जातो आणि तूट २.१२ ची २.९१ होते. तीन अंशांच्या चुकीने ३७ टक्के जास्त तूट.

हे कुठे किती महागात पडतं ते फॉर्म्युल्यावर आहे. नुसता डाल्टनच्या धाटणीचा फॉर्म्युला असेल, म्हणजे वारा गुणिले तूट, तर अंदाजही तसाच ३७ टक्क्यांनी फुगतो. पेनमनचा असेल तर मार कमी बसतो. हॉवर्ड पेनमनने १९४८ मध्ये दोन गोष्टी जोडल्या, उन्हातून मिळणारी ऊर्जा आणि हवेचं कोरडेपण, आणि तापमान वाढेल तसं ऊर्जेच्या भागाचं वजन वाढत जातं, समुद्रसपाटीला १० अंशाला साधारण ५५ टक्के, ३० ला ७८. वरच्याच उदाहरणात वारा सेकंदाला २ मीटर आणि निव्वळ ऊर्जा दिवसाला चौरस मीटरमागे १५ मेगाज्युल धरून मी काढून बघितलं, ३० अंशाला ७.३ मिमी आणि तापलेल्या ३३ ला ८.० मिमी. म्हणजे तूट ३७ टक्क्यांनी चुकली पण अंतिम आकडा १० टक्क्यांनीच. बरं आहे ना? पण दिवसाला ०.७ म्हणजे महिन्याला २१ मिमी, आणि १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा तळं मोठं असेल तर एवढ्यावर समाधान मानू नका.

तपासायचं कसं? कवच असलेला दुसरा साधा थर्मामीटर सावलीत, मोकळ्या वाऱ्यात, तेवढ्याच उंचीवर टांगा आणि वारा पडलेल्या दुपारी दोन्ही वाचा. रात्री दोन्ही जुळतात आणि दुपारी फरक पडतो असं असेल तर कवच पुसा नाहीतर जागा बदला. रात्रीही तेवढाच फरक असेल तर सेन्सरच सरकलाय.

पाण्याचं तापमान मोजलंय का?

माझं कोडं खरं इथे सुटलं, त्यामुळे इथे जरा थांबते. परत डाल्टनच्या वाक्याकडे जा. पाण्याच्या वरच्या थराशी असलेला बाष्पदाब. वरच्या थराशी, हवेत नाही! म्हणजे फरकातला पहिला आकडा पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून काढायचा आणि दुसरा हवेतल्या वाफेवरून. आपण काय करतो, दोन्ही हवेच्या तापमानावरून काढतो, कारण पाण्यात थर्मामीटर टाकलेलाच नसतो. पेनमनने ऊर्जेचा भाग जोडला तोच मुळात पृष्ठभागाचं तापमान मोजायची कटकट टळावी म्हणून, त्यामुळे त्याच्या फॉर्म्युल्यात हवेचंच तापमान जातं आणि ते बरोबर आहे. पण डाल्टनच्या धाटणीच्या साध्या फॉर्म्युल्यात हवेचं तापमान घुसवलं की सगळं कोसळतं.

उन्हाची कोरडी दुपार घ्या. हवा ३० अंश, ५० टक्के, आणि टाकीतलं पाणी २४, कारण पाणी उडताना स्वतःतली उष्णता घेऊन जातं आणि शिवाय रात्रीचा गारवा त्यात शिल्लक असतो. हवेवरून काढलेली तूट २.१२. पाण्यावरून काढलेला फरक: २४ ला २.९८, वजा २.१२, उरले ०.८६. अडीच पट फुगलेला अंदाज! आता रात्र घ्या. हवा १४ अंशांवर आलीय, आर्द्रता ८५ टक्के, हवेतली वाफ १.३६. हवेवरून तूट ०.२४, म्हणजे शीटच्या मते काही उडतच नाहीये. पण पाणी अजून २२ अंशांवर आहे, तिथला बाष्पदाब २.६४, फरक १.२८, पाच पटीहून जास्त. उन्हात जास्त आणि गार रात्री कमी, तक्रार हीच होती ना? एका थर्मामीटरचा प्रश्न होता.

तापवलेला पोहण्याचा तलाव असेल तर हे अजून भयंकर होतं. पाणी २८, बाहेर हवा १५ आणि आर्द्रता ८० टक्के असताना हवेवरून काढलेली तूट ०.३४ आणि खरा फरक २.४२, सात पट. थंडीत तलाव गळतो म्हणून फरश्या उखडायच्या आधी एवढं गणित करून बघावं माणसाने.

उलटी बाजूही आहे. खोल विहिरीतून किंवा पाइपातून ताजं गार पाणी टाकीत आलं, १८ अंशांचं, आणि हवा ३० अंश नि ७० टक्के दमट, तर हवेतली वाफ २.९७ आणि पाण्याशी २.०६, फरक निगेटिव्ह. त्यावेळी पाणी उडत नाही, हवेतली वाफ पाण्यावर बसते, थंड ग्लासला बाहेरून घाम येतो तसं. मी हे निगेटिव्ह आकडे आले की चूक समजून शून्य करून टाकायचे, शीटमध्ये तसा फॉर्म्युलाच लावून ठेवला होता, त्यामुळे महिन्याची बेरीज कायम फुगायची आणि का फुगते ते दिसायचंही नाही. आधी ते शून्य काढून टाका. निगेटिव्ह आला तर तो खरा आहे का, ते त्या वेळचं पाण्याचं तापमान बघून ठरवा.

थर्मामीटर कुठे ठेवायचा तर पृष्ठभागाच्या अगदी खाली, बोटभर नाही, जेमतेम बुडेल एवढा, आणि त्यावर थेट ऊन पडणार नाही असा. तरी जो अगदी वरचा पातळ पापुद्रा असतो तो खालच्या पाण्यापेक्षा अंशाचे काही दशांश गारच असतो, पण टाकीच्या कामाला तेवढं चालून जातं. खोल तळ्यात आणखी भानगड म्हणजे उन्हाळ्यात आलेली ऊर्जा पाणी तापवण्यात खर्ची पडते आणि ती महिनोन्महिने आत साठून राहते. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर सगळ्यात जास्त बाष्पीभवन भर उन्हाळ्यात होत नाही, ते शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला होतं, पाणी अजून ऊब धरून असतं आणि वरून कोरडी थंड हवा वाहते तेव्हा. उथळ टाकीवर जमवलेला गुणांक उचलून खोल तळ्याला लावणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यासमोर आणावं.

दमट हवेत सेन्सरची छोटी चूक मोठी होते

आर्द्रतेचे स्वस्त सेन्सर पाच-पाच टक्के इकडेतिकडे होतात, विशेषतः दिवसेंदिवस धुक्यात किंवा पावसात भिजत राहिले की. कोरड्या हवेत याने फार बिघडत नाही. खरी आर्द्रता ३० आणि सेन्सरने ३५ दाखवली तर तूट ७० च्या जागी ६५ टक्के, चालतंय. पण खरी ९२ असताना ९७ दाखवली तर तूट ८ च्या जागी ३ टक्के, म्हणजे अर्ध्याहून कमी. एकच सेन्सर, चूक तेवढीच, पण एका हवेत नजरेआड करण्यासारखी आणि दुसऱ्या हवेत सगळा अंदाज बुडवणारी. पावसाळी महिन्यांत तुमचा आकडा कायम कमी येत असेल तर आधी इथे बघा.

सेन्सर घरच्या घरी तपासता येतो. साधं मीठ एका छोट्या झाकणात घ्या, थेंब थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखा लगदा झाला पाहिजे, वर पाणी तरंगायला नको. ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट डब्यात ठेवा, सेन्सरला मीठ लागू देऊ नका, डबा उन्हापासून लांब, तापमान फार हलणार नाही अशा जागी रात्रभर राहू द्या. साधारण २५ अंशाला आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाच्या संपृक्त द्रावणाचा गुणधर्म आहे, त्यात कोणाची कंपनी नि मॉडेल मध्ये येत नाही. माझा सेन्सर सकाळी ८१ दाखवत होता. वाटलं डबा गळका असेल, पुन्हा केलं, पुन्हा ८१. बाहेरच्या ८५-९० टक्क्यांच्या दिवसांत मी किती कमी बाष्पीभवन मोजलं असेल ते लक्षात आल्यावर जुन्या नोंदींची फाइल उघडायची इच्छाच होईना. पण एका बिंदूवरची चूक सगळीकडे तेवढीच असते असं नाही, त्यामुळे सहा वजा करून मोकळं होऊ नका. जमलं तर सेन्सर बदला, नाहीतर ओल्या-कोरड्या थर्मामीटरची जोडी लावून दुसऱ्या आर्द्रतेलाही पडताळा.

वारा आणि बाकी किरकोळ

वाऱ्यावर फार लिहीत नाही पण एक सापळा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हवामान केंद्राचा वारा बहुधा १० मीटरवरचा असतो आणि फॉर्म्युल्याला २ मीटरवरचा लागतो. त्यासाठीच्या समीकरणात लॉगरिदम आहे, नैसर्गिक, आणि ते बरोबर लावलं तर १० मीटरच्या वाऱ्याला ०.७५ ने गुणायचं असं निघतं. एक्सेलमध्ये नुसतं लॉग लिहिलं की ते १० च्या पायाचं असतं, नैसर्गिक हवं तर एलएन लिहावं लागतं. मी लॉग लिहिलं होतं, गुणांक आला १.७२, म्हणजे जमिनीजवळ येता येता वारा कमी व्हायच्या ऐवजी दीडपटीच्या वर वाढत होता. गंमत म्हणजे पायथॉनमध्ये हेच लॉग नैसर्गिक असतं, त्यामुळे मित्राने त्याच्याकडे चालवून बघितलं तर त्याचं उत्तर बरोबर येत होतं, आणि आम्ही दोघं तासभर एकमेकांचा डेटा तपासत बसलो. ताशी किलोमीटर असेल तर ३.६ ने भागा, आणि ऊन वॉटमध्ये असेल तर दिवसभराच्या सरासरी वॉटला ०.०८६४ ने गुणून मेगाज्युल करा.

दुसरं, तुमचा फॉर्म्युला नक्की कशासाठी आहे ते बघा. वर म्हटलेल्या पुस्तिकेतलं पेनमन-मॉन्टिथचं समीकरण उघड्या पाण्यासाठी नाहीये, ते १२ सेंटीमीटर उंचीच्या एका काल्पनिक, भरपूर पाणी मिळालेल्या गवतासाठी आहे. पाणी गवतापेक्षा ऊन कमी परतवतं आणि त्याला पानांच्या छिद्रांचा अडथळाही नसतो. थॉर्नथ्वेट, १९४८ सालचाच, किंवा हारग्रीव्हजसारखे फक्त तापमानावर चालणारे फॉर्म्युले वापरत असाल तर आर्द्रता त्यांना दिसतच नाही. ३० अंशाचा दमट दिवस आणि ३० अंशाचा कोरडा दिवस थॉर्नथ्वेटला एकच, हारग्रीव्हज निदान कमाल-किमानातल्या अंतरावरून थोडासा अंदाज बांधतो. महिन्याच्या मोठ्या हिशोबाला चालतील, रोजच्या पट्टीशी जुळवायला नाही.

तापमान म्हणजेच बाष्पीभवन हा समज किती पक्का बसलाय त्याची एक गोष्ट सांगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जग तापत होतं तरी बऱ्याच देशांतल्या बाष्पीभवन पात्रांमधलं (बाष्पीभवन मोजायला उघड्यावर ठेवलेल्या भांड्यांमधलं) पाणी मात्र दशकागणिक कमी उडताना दिसत होतं, १९९५ मध्ये हे ठळकपणे मांडलं गेल्यावर शास्त्रज्ञांनीही डोकं खाजवलं. रॉडरिक आणि फार्क्वार यांनी २००२ मध्ये ढग आणि हवेतल्या कणांमुळे कमी झालेल्या उन्हाकडे बोट दाखवलं, पुढे मंदावलेल्या वाऱ्याचा वाटाही पुढे आला. पारा चढला म्हणून पाणी जास्त उडालंच पाहिजे असं नसतं.

पात्रावरून आठवलं, कोणी तुमचा अंदाज ए वर्गाच्या पात्राशी ताडून बघत असेल तर ते १२०.७ सेंटीमीटर व्यासाचं, २५.४ खोल, लाकडी चौकटीवर उचललेलं भांडं आहे, त्याला बाजूंनीही ऊन लागतं, त्यामुळे त्यात तळ्यापेक्षा जास्त पाणी उडतं. तळ्यासाठी वर्षभराचा साधारण ०.७ चा गुणांक लावतात, पण हवा कोरडी आणि वारा जोरात असेल तर तो खाली येतो, आजूबाजूला हिरवळ आणि दमट हवा असेल तर वर जातो. म्हणजे तिथेही आर्द्रता आहेच. आणि पक्षी पाणी पितात, जाळी लावा.

एवढं सगळं करूनही फरक उरला तर मग गळतीचा विचार करा, पण तोही मोजून. एक बादली घ्या, तळाशी दगड टाका, टाकीतल्याच पाण्याने भरा आणि टाकीतच अशी ठेवा की बादलीची कड जेमतेम वर राहील आणि आतली-बाहेरची पातळी एकाच रेषेत येईल. पाण्यात बुडालेली असल्याने बादलीतलं पाणी टाकीएवढंच तापतं, हवा तीच, वारा तोच. दोन्ही पातळ्यांवर बारीक मार्करने खूण करा, टाकीत येणारं-जाणारं पाणी बंद ठेवा, पाऊस आला तर रद्द करून परत करा. दोन-तीन दिवसांनी बघा. माझ्याकडे तीन दिवसांत बादलीत १६ मिमी आणि टाकीत १७ मिमी उतरलं, पट्टी वाचण्यातलीच चूक मिमीभर असते, म्हणजे टाकी ठणठणीत होती. टाकी जास्त उतरली असेल तर आधी खालच्या व्हॉल्व्हची पॅकिंग बघा, माझ्या मित्राकडे तिथूनच जात होतं.